फुग्यांचं पीठ आणि पास्कूचा देव

वसईचा पास्कू लोपीस चर्चचा मोठा कारभारी, आणि तोंडानं त्याहून मोठा. रविवारी जेवायला आलेल्या फादरपुढं त्यानं सुनेचीच चुगली केली.

“ब्रिजिताकडून धर्मशिक्षणाचा वर्ग काढून घ्या, फादर. माणूस लाखो वर्षांत हळूहळू घडला म्हणते. मग देवानं काय केलं?”

मग रीतीप्रमाणं हात जोडून तो म्हणाला, “देवा, हे अन्न तू दिलंस.”

ब्रिजितानं फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, टोपली हातातच धरली. “बाबा, पीठ ताडीत मी भिजवलं, ते रात्रभर आपोआप फुगलं. देवानं काय केलं?”

“अगं, सगळं त्याचंच!”

“हळूहळू फुगलेलं पीठ देवाचं, आणि हळूहळू घडलेला माणूस तेवढा नाही?”

पास्कूचे कान तापले. पाहुण्यासमोर घरच्याच पोरीची अब्रू काढायला निघाला होता तो. “वर्ग तिच्याकडंच राहू दे,” तो ताटाकडं बघत पुटपुटला. तिनं वाढलेला फुगा त्याला तोंडाशी नेववेना.