उजळणीचे मणी

बांबूच्या बनापलीकडे एक इवलंसं गाव होतं. तिथे सगुणी नावाची मुलगी आईबरोबर राहायची. आई टोपल्या विणायची. सगुणी उजाडल्यापासून बांबूच्या पट्ट्या भिजत घालायची, धाकट्या भावाला खेळवायची आणि मग धापा टाकत शाळा गाठायची. चौथीच्या वर्गात वत्सलाबाई गणित शिकवायच्या, तेव्हा तिला सगळं लख्ख समजायचं. पण घरी उजळणीला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी पाहावं, तर भागाकार भुर्रकन उडून गेलेला!

एकदा आई म्हणाली, "सगुणे, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे ना? पुन्हा चौथीतच बसावं लागलं, तर शाळा पुरे. घरी टोपल्या वीण."

सगुणी दप्तर छातीशी धरून शाळेकडे निघाली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या परसबागेत गेली. उन्हाने भोपळ्याचा वेल पार मलूल झाला होता. त्याचं एक पिवळंधमक फूल मान टाकून पडलं होतं. सगुणीच्या बाटलीत घोटभरच पाणी उरलं होतं आणि घसा तर कोरडा पडला होता. तरी तिने सगळं पाणी वेलाच्या मुळाशी ओतलं.

"पी हं, बाळा," ती हळूच म्हणाली.

तोच फूल थरथरलं, उमललं आणि त्यातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली! तिचे पंख मोरपिशी होते, कडा गुलाबी होत्या आणि केसांत दवाचे थेंब चमचमत होते.

"मी उजळणी परी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "माग, काय हवं ते. पण इच्छा एकच हं!"

सगुणीने वर्गाकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "शिकलेलं गणित आमच्या सगळ्या वर्गाच्या लक्षात राहू दे."

"फक्त तुझ्या नको?"

"नको. विसरतो तर आम्ही सगळेच."

परी गोड हसली. तिने सगुणीच्या ओंजळीत एकवीस मणी ठेवले. निळे, हिरवे, जांभळे, डाळिंबी! "प्रत्येकाला एक दे. रोज सकाळी वर्ग भरताच मण्यात पाच गणितं दिसतील. ती सोडवली की मणी उजळेल. एक दिवस चुकला, तर विझेल. आणि ऐक, आपला मणी दुसऱ्याला दिला, तर त्याच्या बदल्यात नवा मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसती धमाल उडाली. मण्यात एक गणित कालचं होतं, एक गेल्या आठवड्याचं, एक तर पार जूनमधलं!

"सात आठे?" बाईंनी विचारलं.

"छप्पन्न!"

"पाऊण तास म्हणजे किती मिनिटं?"

"पंचेचाळीस!"

कुणाचं चुकलं की मणी धुरकट व्हायचा. मग पुन्हा मांडायचं, पुन्हा मोजायचं. उत्तर बरोबर आलं, की मणी लखलख करायचा. पाचच मिनिटांचा खेळ! मग नवा धडा सुरू व्हायचा, आणि तोही सोपा वाटायचा.

परीक्षा आठ दिवसांवर आली, तेव्हा सगुणीच्या वर्गातली झुंबर शाळेत परतली. ती आठवडाभर तापाने आजारी होती. तिचा मणी कोळशासारखा काळा पडला होता.

"मी सगळं विसरले गं," झुंबर हुंदके देत म्हणाली. "आता माझं कसं होणार?"

सगुणीला आईचे शब्द आठवले. तिने आपल्या मण्यावर मूठ घट्ट मिटली. मग झुंबरच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि मूठ उघडली.

"घे. हा तुझा."

"आणि तू?"

"कालचं गणित मला माहीत आहे. गेल्या आठवड्याचंही. माझी पाच गणितं मीच काढीन की!"

आणि खरंच, रोज सकाळी ती पाटीवर स्वतःच पाच गणितं मांडायची, सोडवायची. मग झुंबरशेजारी बसून तिला समजावायची. समजावताना तिचं तिलाच आणखी पक्कं व्हायचं.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी आई भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी होती. बाई म्हणाल्या, "सगळे पास! आणि सगुणीचं एकही गणित चुकलेलं नाही."

आईचे डोळे भरून आले. "बाई, पाचवीची पुस्तकं कधी आणायची?" तिने विचारलं.

इतक्यात खिडकीत मोरपिशी पंख झळकले.

"सगुणे," परी म्हणाली, "मणी तर फक्त रोज आठवण करून द्यायचे. उजेड केलात तो तुम्हीच. आता मण्यांची गरज नाही."

सगळे मणी एकदम उजळले. त्यांचे सोनेरी, रुपेरी कण झाले. वर्गभर प्रकाशाची कारंजी उसळली, आणि त्या झगमगाटात परी हसत हसत विरून गेली.

मुलं डोळे चोळत राहिली. बाईंनी सगुणीच्या हातात खडू दिला.

"आजची उजळणी तू घे."

सगुणीने ताठ मानेने फळ्यावर पहिलं गणित लिहिलं. ते पुरं व्हायच्या आतच वीस हात वर झाले होते.