दोन बहिणींचा वारा

पृथ्वी अजून जन्मालाही आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आकाशाच्या एका कोपऱ्यात दोन बहिणी राहत. दोघी भल्यामोठ्या तारका, एकाच मेघाच्या पोटी जन्मलेल्या आणि एकमेकींभोवती फिरणाऱ्या. दोघींच्या अंगातून सतत तापलेला वारा सुटे.

थोरलीचा वारा दाट, जोरकस. धाकटीचा त्यामानाने हलका. दोन्ही वारे जिथे धडकत तिथे आगीची भिंत उभी राही, आणि ती कायम धाकटीच्याच बाजूला झुके. फिरता फिरता बहिणी जवळ आल्या, की भिंत धाकटीच्या अगदी अंगाशी येई.

एकदा धाकटी म्हणाली, “ताई, जरा दमानं घे ना. मला माझ्याच घरात कोंडल्यासारखं होतं.”

“कळतं गं मला,” थोरली म्हणाली. “पण आतली आग थांबू देत नाही. आणि माझे दिवस तरी किती उरलेत?”

धाकटीच्या मनातली सल मात्र गेली नाही.

पुढे एक एकटा तारा जवळून चालला होता. तो धाकटीला म्हणाला, “माझ्या ओढीनं तू सहज सुटशील. चल, तिकडे तुझा वारा अडवायला कुणी नाही.”

धाकटीला मोह झाला. तिने विचारलं, “तुझा वारा जातो कुठे?”

“कुठे म्हणजे? पोकळीत विरून जातो.”

“मागे काहीच राहत नाही?”

“नाही,” तो म्हणाला.

धाकटीने वळून पाहिलं. आजवर तिला भिंतीची आगच दिसली होती. त्या आगीपलीकडे दोघींचे वारे एकमेकांत दाबले जाऊन निवत होते, आणि त्यातून काजळीसारखी बारीक धूळ तयार होत होती. धुळीचा लांबच लांब पट्टा वळणं घेत दूर निघाला होता.

“मी इथेच राहते,” ती म्हणाली.

थोरलीशी झालेल्या पुढच्या भेटीत धाकटीने अंग चोरलं नाही. सगळा जोर लावून ती वाहिली. भिंत तरीही तिच्याकडेच झुकली, पण धूळ मात्र कधी नव्हे इतकी उठली.

“दमलीस का गं?” थोरलीने विचारलं.

“दमले. पण तू थांबू नकोस.”

काही काळाने थोरलीचं आयुष्य सरलं. भिंत गेली, धाकटीचा वारा मोकळा सुटला, आणि तिला फार एकटं वाटलं. तिची नजर धुळीच्या मागावर दूरवर गेली. तिथे एका थंड, काळोख्या मेघात एक लहान तारा नुकता पेटला होता, आणि त्याच्याभोवती दोघींच्या धुळीचा खडकाळ गोळा वळला जात होता. मावशीने भाचीकडे पाहावं, तशी धाकटी जन्माला येणाऱ्या त्या पृथ्वीकडे पाहत राहिली.

तात्पर्य: आपल्या माणसाशी खटके उडाले म्हणून लगेच पाठ फिरवू नये आणि स्वतःचं बळही आवरून घेऊ नये; दोघांच्या जोरातून जे घडतं, ते एकट्याच्या हातून घडत नाही.