हौदातले खडस

“पण बुवा, ह्या जिवांनी माझं काय वाकडं केलंय, म्हणून मी ह्यांच्यावर जाळं टाकू?”

केरबाचा आवाज चढला होता. गुरूसमोर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ.

नागोजीबुवांनी ओसरीतल्या खुंटीवरून आपलं जुनं फेकजाळं उतरवलं, धूळ झटकली आणि शिष्याच्या पुढ्यात ठेवलं.

बुवा मूळचे भोई. चाळिशीत मठात आले, पण जाळं काही टाकून दिलं नाही. रोज सकाळी त्याला फूल वाहायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, “हसा की! ह्या जाळ्यानं अन् ह्या नदीतल्या माशांनी माझी चार लेकरं पोसली. पोसणाऱ्याला विसरून कुठला देव भेटायचाय?”

ते जाळं तीस वर्षांत पाण्याला लागलं नव्हतं.

आता केरबाचं दुःख काय होतं, ते सांगायला हवं.

मठाखाली रांजणडोह. त्यात खडस मासे राहायचे, हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे. चार वर्षांमागं कुणा करंट्यानं डोहात सुरुंग उडवला. सकाळी पाणी दिसेना, एवढे मासे उताणे तरंगत होते. वरच्या कपारीत तेवढे अकरा खडस वाचले. बुवांनी ते घागरींतून मठाच्या दगडी हौदात आणले.

ह्या नदीतले हे शेवटचे खडस. दुसरीकडं कुठं शोधायला जायची सोयच नव्हती.

तेव्हा केरबा पुढं झाला. तो मत्स्यशाळेत दोन वर्षं शिकून आलेला. त्यानं माद्यांची अंडी हलक्या हातानं काढली, वाहत्या पाण्यात उबवली, पिल्लं डोळ्यांत तेल घालून जपली. पेंडीचा डबा बोटांनी टक टक वाजवला की सगळा हौद त्याच्या हाताशी गोळा व्हायचा. बोटं चाटायचे लेकाचे!

हे सगळं खरंच कौतुकाचं होतं. केरबाला ते जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

गेल्या वर्षी त्यानं शंभर खडस नदीत सोडले. सोडताना घाटावर गाव जमवलं, डबा वाजवला आणि म्हणाला, “बघा, माझी हाक कशी ओळखतात!”

मासे आले. गावानं टाळ्या वाजवल्या.

आणि आठ दिवसांत एक खडस उरला नाही.

घाटावर कुणी धुणं आपटलं की त्या आवाजाला मासे धावत यायचे. लोकांनी टोपल्यांनी उचलले, पदरानं धरले. केरबा शिव्या देत घाटावर गेला, तेव्हा धुणं धुणारी गौराक्का रडवेली होऊन म्हणाली, “आरं बाबा, आम्ही कुठं धरायला गेलो? आपणहून पायाशी आलं. मला वाटलं, देवानंच धाडलं.”

केरबा तोंडात मारल्यासारखा परत आला.

आता हौदात नवी एकशे चाळीस पिल्लं वीतभर झाली होती. मूळच्या अकरांतल्या दोनच माद्या उरल्या होत्या, त्याही थकलेल्या. पुढच्या वर्षी अंडी मिळतील ह्याचा भरवसा नव्हता. ही पिल्लं गेली की नदीतून खडस गेलाच.

आणि अशा वेळी बुवा म्हणत होते, जाळं टाक.

“तुम्हीच टाका मग,” केरबा म्हणाला. “तुमचा हात बसलेला आहे.”

“माझी अन् त्यांची वळख कुठं हाय? भरवलं कुणी?”

“मी.”

“मग भ्यायला कुणी शिकवायचं?”

केरबा उठून गेला. दोन दिवस तो बुवांशी बोलला नाही. बुवांनीही त्याला बोलावलं नाही. दोन्ही दिवस जाळं त्याच जागी पडून होतं. बुवांनी फूल मात्र तिथंच आणून वाहिलं.

तिसऱ्या दिवशी केरबानं जाळं उचललं.

“आधी डबा वाजव,” बुवा म्हणाले.

“बुवा, एवढं तरी नको…”

“आधी डबा. मग जाळं.”

टक टक.

सगळे आले. नेहमीसारखे तोंड वर करून, ढकलाढकली करत आले. केरबानं डोळे मिटले आणि जाळं फेकलं.

पाणी उसळलं. शिशाच्या गोळ्या तळाला लागल्या. जाळ्यात पन्नासेक जीव तडफडत होते आणि त्यातला एक मोडक्या कल्ल्याचा होता, ज्याला केरबानं महिनाभर वेगळ्या घंगाळात ठेवून जगवलं होतं. केरबानं जाळं पाण्यातच मोकळं केलं आणि कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडला.

त्या दिवसापासून पेंड हातानं द्यायची नाही, असं ठरलं. झऱ्याचं पाणी हौदात यायचं तिथं, भिंतीआड उभं राहून ती सोडायची. माणूस दिसता कामा नये. दिसायचं ते फक्त जाळं घेऊन.

दुसऱ्या दिवशी डब्याला निम्मे आले. पाचव्या दिवशी दहा-बारा. मोडक्या कल्ल्याचा मात्र रोज यायचा! त्याचा विश्वास काही सुटेना.

“हा मेला गाढवच आहे,” केरबा डोळे पुसत म्हणायचा.

“कुणावर गेलाय, बघ की,” बुवा म्हणायचे.

एकविसाव्या दिवशी केरबानं डबा वाजवला आणि हौद रिकामा झाला. म्हणजे मासे होते, दगडांखाली, कपारींत होते. वर एक दिसेना. मोडक्या कल्ल्याचाही नाही.

केरबाला वाटलं होतं, ह्या दिवशी आपल्याला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या रात्री तो जेवला नाही. बुवांनी पानावरचं अर्धं धपाटं त्याच्यापुढं सरकवलं, तेही तसंच राहिलं.

कार्तिकात मासे सोडले. ह्या वेळी गाव नव्हतं, टाळ्या नव्हत्या. दोघांनीच घागरी वाहिल्या. घागर कलंडली की मासा क्षणभर थबकायचा आणि खोल निघून जायचा. मागं वळून बघणं वगैरे काही नाही. मासाच तो!

बुवांनी जाळं धुऊन वाळवलं आणि परत खुंटीला टांगलं.

पुढं दोन वर्षं केरबा रोज डोहावर जायचा. डबा नेत नसे. काठाला बसायचा. काही दिसायचं नाही.

एकदा घाटावर गौराक्का म्हणाली, “तुझं मासं काय दिसत न्हाईत रं. एवढं धुणं आपटते, एक फिरकत न्हाई. मेलं का काय?”

रोज तोच प्रश्न केरबा स्वतःला विचारत होता. शंभर त्यानं प्रेमानं मारले होते. हे एकशे चाळीस धाकानं मारले असले तर?

“बुवा, जगले असतील का हो?”

“मला काय दिसतंय? म्हातारा मी.”

“मग कळणार कसं?”

तिसऱ्या वर्षी आश्विनात पाणी निवळलं. बुवांनी काठी, पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हणाले, “चल, वर जाऊन येऊ.”

डोहाच्या वर कोसभर चढलं की नदी उथळ होते, तळाला बारीक गोटे दिसतात. बुवांना धाप लागत होती. केरबानं त्यांचा दंड धरला होता. एका वळणावर बुवा थांबले आणि त्यांनी काठीनं नुसतं दाखवलं.

गोट्यांवर पाणी हलत होतं. नीट पाहिलं तर पाणी नव्हतं. करंगळीच्या पेरापेक्षा लहान पिल्लं होती, शेकड्यांनी. आणि पलीकडं खडकाच्या सावलीत तीन मोठे खडस, सोन्यासारखे झळकत, प्रवाहाला तोंड करून उभे. एकाचा कल्ला मोडका होता.

नदीला, गोट्यांना, ह्या म्हाताऱ्याला, कुणाला काय म्हणावं हेच केरबाला सुचेना.

आणि त्याच्या हाताला जुनी सवय. शेजारी बुवांचा पाण्याचा तांब्या होता, त्यावर बोटं आपोआप वाजली.

टक टक.

डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं गायब. पिल्लं गोट्यांत, मोठे खडकाखाली. उरलं ते नुसतं वाहतं पाणी.

केरबा बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि तो हसत होता.

“बुवा… त्यांनी ओळखलं मला!”

बुवांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, थोडं नदीला परत दिलं, उरलेलं प्याले.

“व्हय. लपले, तोच त्यांचा तुला नमस्कार, लेका. आता तुझा त्यांना राहिलाय.”