पुस्तकी किडा आणि पालबाई

कॉलेजातली पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका ग्रंथालयात एक पुस्तकी किडा राहत होता. त्यानं इतके ग्रंथ कुरतडले होते, की तिथली झुरळं त्याला मानानं शास्त्रीबुवा म्हणायची.

एकदा नवी पुस्तकं आली. कोऱ्या कागदाचा वास येताच शास्त्रीबुवा सगळ्यांत जाड ग्रंथात शिरले आणि आठवडाभर जेवले. ढेकर देत बाहेर पडले, तर समोर पाल!

"मला खाऊ नका, पालबाई! मी विद्वान आहे. हा अख्खा ग्रंथ मी पचवलाय."

पालीनं मुखपृष्ठावरचा वाघ पाहिला. "प्राण्यांचा ग्रंथ दिसतोय. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते सांगा, मग सोडते."

कागद गुळगुळीत आणि डिंक गोड होता, एवढंच शास्त्रीबुवांना ठाऊक होतं. ते पुन्हा आत शिरले, पालीचं पान शोधलं आणि जन्मात पहिल्यांदा अक्षरं लावून मोठ्यानं वाचू लागले.

"घरात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये पाल ही सर्वांत..."

"सर्वांत काय?" पालीनं मान आत घातली.

"पुढचं मी परवा खाल्लं."

"सुंदर होतं का हो? की हुशार?"

"चविष्ट होतं," शास्त्रीबुवा पुटपुटले.

याला गिळावं तर तो शब्द कायमचा जाणार, या विचारात पाल तशीच लटकत राहिली. तेवढ्यात शास्त्रीबुवा शेजारच्या पुस्तकात पळाले. दमून त्यांनी पहिलं पान तोंडात धरलं, मग सोडलं आणि आधी वाचायला घेतलं.