मगर आज कुठे आहे

फार लांब नसलेल्या एका जंगलात एक मोठं तळं होतं. जंगलात लोकशाही होती आणि तळ्यात मगर होती. प्राण्यांना दोघींचीही सवय झाली होती.

तळ्याच्या काठावर वत्सला नावाची टिटवी राहायची. तिला झोप कमी आणि आवाज मोठा. रोज पहाटे ती तळ्याला एक फेरी मारायची आणि दिसेल ते सांगायची. पाणी किती उतरलं, कुठल्या काठाला चिखल आहे, आणि सर्वांत शेवटी, मगर आज कुठे आहे. साळुंक्या ते पाठ करून घ्यायच्या आणि रानभर उडून ओहोळाओहोळावर जसंच्या तसं म्हणून दाखवायच्या. याला त्या जंगलात पॉडकास्ट म्हणत. त्याचं नाव होतं ‘पाणवठ्यावरून’. वत्सलाचा नियम एकच होता. पाहिलं नाही ते सांगायचं नाही, आणि पाहिलेलं गाळायचं नाही.

साळुंक्यांच्या दाण्यापाण्याचं रंगनाथ नावाचा मुंगूस बघायचा. सुरुवातीला चार साळुंक्यांवर भागत होतं. पण पॉडकास्ट ऐकून पाणी प्यायला गेलेले प्राणी घरी परत येतात, ही गोष्ट पसरली आणि पार डोंगराच्या पायथ्यापासून निरोप यायला लागले की आमच्याकडेही साळुंकी पाठवा. श्रोते वाढले तशा साळुंक्या वाढल्या. दाणे काही वाढले नाहीत.

“कार्यक्रम जोरात चाललाय,” रंगनाथ म्हणाला. “असाच चालला तर आपण महिनाभरात उपाशी मरू.”

त्याच आठवड्यात राजवाड्यातून जवादेसाहेब आले. जवादेसाहेब म्हणजे उदमांजर. ते अस्वलराजांचे प्रसिद्धीप्रमुख होते आणि ते जिथे बसत तिथे बराच वेळ सुगंध राही.

“वत्सलाताई,” ते म्हणाले, “तुमचं काम म्हणजे वनसेवा आहे हो. महाराज स्वतः ऐकतात. म्हणून एक चांगली बातमी आणलीय. मगर जलसेवा तुमची प्रायोजक व्हायला तयार आहे.”

“मगर जलसेवा म्हणजे?”

“तळ्याच्या देखभालीचं कंत्राट मगरीला दिलंय ना. गेल्या अधिवेशनात मंजूर झालं, एकमताने.”

“आणि करायचं काय?”

“काहीच नाही! सुरुवातीला ‘मगर जलसेवेच्या सौजन्याने’ एवढं म्हणायचं. साळुंक्यांना वर्षभर पोटभर दाणा. डोंगरापलीकडे जा, नदीपलीकडे जा. फक्त ते शेवटचं सदर तेवढं बंद करायचं.”

“मगर आज कुठे आहे, ते?”

“खोटं एक अक्षर बोलायचं नाही बरं का. महाराजांना खोटं चालत नाही. पण सगळं खरं एकाच कार्यक्रमात कशाला कोंबायचं?”

“त्या जागी एखादं गाणं टाकता येईल,” रंगनाथ हळूच म्हणाला.

वत्सलाने फांदीवर बसलेल्या साळुंक्यांकडे पाहिलं. त्यांनी सकाळपासून गवताच्या कोरड्या काड्या चघळल्या होत्या. तिने दुपारभर विचार केला. गाणं खरंच टाकता आलं असतं. तिला एक येतही होतं.

उन्हं कलल्यावर ती म्हणाली, “साहेब, जाहिरात घेते. ‘मगर जलसेवेच्या सौजन्याने’ असं खणखणीत म्हणते. आणि शेवटी मगर कुठे आहे तेही सांगते.”

“मग प्रायोजकाचा फायदा काय?”

“त्यांचं नाव घराघरात पोहोचेल.”

“ते पोहोचलेलंच आहे,” जवादेसाहेब म्हणाले आणि उठले.

चार दिवसांत नवा पॉडकास्ट सुरू झाला. ‘निर्मळ तळं’. सादरकर्ता होता बेडूक. त्याचा घसा दमदार होता आणि तळं कसं स्वच्छ आहे, शेजारच्या जंगलातलं तळं कसं घाण आहे, आणि आपल्या तळ्याला नावं ठेवणारे मुळात कुठून आले, हे तो दिवसातून तीनदा सांगायचा. त्याच्या साळुंक्यांना दाणा सरकारी कोठारातून मिळायचा. ते कोठार उन्हाळ्याच्या टंचाईसाठी राखून ठेवलेलं होतं. महाराजांनी जाहीर केलं, “माहितीची टंचाई हीसुद्धा टंचाईच आहे,” आणि कोठार उघडलं.

वत्सलाच्या बहुतेक साळुंक्या एकेक करून तिकडे गेल्या. सर्वांत जुनी साळुंकी जाताना म्हणाली, “बाई, तुमचं खरं आहे. पण घरट्यात पिल्लं आहेत.” वत्सला म्हणाली, “जा गं.”

मग फर्मानं निघाली. पहिल्या फर्मानानुसार ‘मगर’ हा शब्द बदनामीकारक ठरला. यापुढे ‘जलसेविका’ म्हणायचं. दुसऱ्यानुसार जलसेविकेने कुणालाही खाल्लं, असं म्हणायला बंदी आली. तळ्यावर जाऊन परत न आलेला प्राणी जलसेवेत रुजू झाला, असं म्हणायचं. बेडूक रोज अभिमानाने सांगू लागला, “आज दोन हरणं आणि एक भेकर जलसेवेत रुजू झाली. तरुणांना रोजगार देण्यात आपलं जंगल सर्वांत पुढे!”

एके सकाळी शेवंता नावाची चितळीण तळ्याकाठी आली. ती एकटीच होती.

“तुमचा आवाज परवा आमच्या ओहोळावर आला नाही,” ती म्हणाली.

“तिकडची साळुंकी गेली,” वत्सला म्हणाली.

“बेडकाची आली होती. पाणी निर्मळ आहे म्हणाली. माझं पाडस पुढे पळालं.”

वत्सलाला तिच्याकडे पाहवेना. रंगनाथ मातीत नख ओढत राहिला. शेवंता गेल्यावर तो एकदम बोलला, “जाहिरात घेतली असती तर साळुंकी राहिली असती!”

“राहिली असती. आणि काय सांगितलं असतं तिने?”

“गाणं म्हटलं असतं,” रंगनाथ म्हणाला.

त्या दिवशी वत्सलाने कार्यक्रम केला नाही. ती नुसती काठावर बसून राहिली. आपण नियम पाळला आणि पाडस गेलं. नियम मोडला असता तरी पाडस गेलंच असतं, फक्त मग ते सौजन्याने गेलं असतं. दोन्हींत फरक आहे हे तिला कळत होतं. शेवंताला तो कसा समजवावा हे कळत नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी शेवंताच परत आली. तोंडात सावा, रानातला बारीक दाणा, भरून आणला होता. तो तिने रंगनाथपुढे ओतला.

“आमच्या ओहोळावर साळुंकी पाठवा,” ती म्हणाली. “माझं गेलं. बाकीच्यांची अजून आहेत.”

रंगनाथ त्या ढिगाकडे बघत बसला आणि संध्याकाळपर्यंत त्याने एक योजना केली. कार्यक्रमाच्या शेवटी वत्सला म्हणू लागली, “आमचं ऐकून पाणी प्यायलात आणि धडधाकट घरी पोहोचलात, तर जमेल तेवढा दाणा साळुंकीपुढे टाका. नाही पोहोचलात तर काही देऊ नका.”

लोक देऊ लागले. ससे थोडं द्यायचे, गवे जास्त द्यायचे, रानडुकरं आधी कुरकुरायची आणि मग द्यायची. एका सायाळीने आपला काटा जाहिरातीसाठी आणला. काटे विकायचा तिचा धंदा होता. रंगनाथने आधी काटा टोचून बघितला, मगच जाहिरात घेतली. जुनी साळुंकीही परत आली, पिल्लांना घेऊन.

आणि एक गोष्ट घडली जी दरबारातल्या कुणी हिशेबात धरलीच नव्हती. ‘निर्मळ तळं’चे श्रोते आटू लागले. जो मन लावून ऐकायचा तो दुसऱ्या दिवशी ऐकायला नसायचा.

अस्वलराजांनी बैठक घेतली. “आपले निष्ठावान श्रोते जातात कुठे?”

“रुजू होतात, महाराज,” जवादेसाहेब म्हणाले.

“यामागे परकीय हात आहे,” महाराज म्हणाले. लगेच ‘निर्मळ तळं’ ऐकणं सक्तीचं झालं. प्राण्यांनी सक्तीने ऐकलं आणि वत्सलाला विचारून पाणी प्यायलं.

तेवढ्यात निवडणूक आली. महाराज गावोगाव म्हणाले, “बंधूंनो, पाच वर्षांपूर्वी या तळ्यावर रांगा लागत होत्या. आज रांग दिसते का कुठे?” खरंच दिसत नव्हती. वत्सलाने कुणाला मत द्या ते सांगितलं नाही. मतदानाच्या दिवशीही ती फक्त पाण्याची पातळी, चिखल आणि मगरीची जागा सांगून थांबली. जंगलातल्या प्राण्यांनी रांगेत उभं राहून अस्वलाविरुद्ध मतं टाकली.

अस्वलराजे प्रचंड बहुमताने निवडून आले. जलसेवेत रुजू झालेल्या सर्व मतदारांच्या वतीने जलसेविकेने मतदान केलं होतं आणि आयोगाने ते ग्राह्य धरलं होतं. जिवंत मतदारांचा कल वेगळा होता, पण ते अल्पसंख्य निघाले.

शपथविधीत मगरीला गृहखातं मिळालं. ती तळं सोडून मंत्रालयात राहायला गेली. दुसऱ्या पहाटे वत्सलाने फेरी मारली आणि जे पाहिलं तेच सांगितलं, “मगर मंत्रालयात आहे. तळ्यावर यायला हरकत नाही.” त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी हरणांनी घाई न करता पाणी प्यायलं. शेवंता शेवटपर्यंत काठावर उभी होती. रंगनाथपुढे दाण्याचा ढीग लागला, आणि डोंगरापलीकडे पहिली साळुंकी गेली.

मंत्रालयात आता रोज जनता दरबार भरतो. गाऱ्हाणं घेऊन आत गेलेला कुणीही अजून नाराज होऊन बाहेर आलेला नाही, असं सरकार सांगतं. आणि ते अगदी खरं आहे.