ठकूबाईची उन्मनी

“...आन् पानी किती पिती?” गेनूबाबांनी विचारलं.

सखाहरी बुवा गडबडले. एवढं रंगवून सांगितलं, आणि बाबांनी विचारलं काय, तर पाणी!

ओढ्याकाठचा मठ तसाच होता. तोच लिंब, तीच शेणानं सारवलेली ओटी. तरुणपणी सखाहरी इथेच राहिले होते, बाबांच्या पायाशी बसून शिकले होते. आता त्यांची प्रवचनं पंचक्रोशीत गाजत होती, गळ्यात हार पडत होते. मठाकडे फिरकायला तेवढी सवड मिळत नव्हती. आज आले होते ते बाबांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायला. सखाहरींच्या आईला, ठकूबाईला, उन्मनी अवस्था लाभली आहे, ही. देहाचं भान सुटून मन देवापाशी लागतं, ती अवस्था.

“पानी सुटलंच म्हना,” ते अभिमानानं म्हणाले. “घोट-दोन घोट. वासनाच गेली, बाबा. परवा-तेरवापासनं एकाएकी असं झालं. आमच्या वारलेल्या वडलांशी बोलती. हवेतली फुलं वेचती. घर वळखत न्हाई, सुनंला माय म्हनून हाक मारती. गावातल्या बाया पाया पडून जात्यात.”

“आन् त्याआधी कशी व्हती?”

“खनखनीत. माझ्या प्रवचनातल्या चुका काढायची.”



“ठकूबाईनं पानी सोडलं,” बाबा हळूच म्हणाले. “ठकूबाईनं!”

आणि सखाहरींच्या डोळ्यांपुढे ते दिवस उभे राहिले. आई फडक्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी बांधून उन्हातान्हातून लेकाला भेटायला यायची. आल्याआल्या रांजणापाशी जायची, तांब्या वर धरून घटाघटा प्यायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, चोळी भिजायची. ती हसत म्हणायची, “बाबा, तुमच्या मठात देव असंल-नसंल, पानी मातर झकास हाय!” बाबाही खो खो हसायचे. किती सुखाचे दिवस होते ते! सखाहरींना गलबलून आलं.

“तिच्या लुगड्याला वास येतो?” बाबांनी विचारलं.

असा प्रश्न मठात विचारतात का? सखाहरी शरमले.

“येतो... उग्र. हौसा म्हनली व्हती.” हौसा म्हणजे त्यांची बायको. “मी म्हनलं, धूप जाळ.”

दर्शनाला येणाऱ्या बायांना तो धूपसुद्धा दैवी वाटला होता. हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

“ताप?”

“न्हाई. दुखत बी न्हाई म्हनती.”

बाबा उठले. रांजणातून तांब्या भरून आणला.

“पी.”

सखाहरी प्यायले. बाबांनी दुसरा भरला.

“पी.”

गुरूच्या हातचं तीर्थ समजून त्यांनी तोही रिचवला. वाटेत दोन ठिकाणी चहा झालाच होता.



ऊन ओटीवरून खाली उतरलं. शेजारच्या वस्तीवरच्या बाया दर्शनाला आल्या आणि दारातच ऐसपैस बसल्या. बुवांना ओळखून त्यांनी पदर सावरले. बुवांची मात्र आता चुळबुळ सुरू झाली होती.

“बाबा, जरा भाईर जाऊन येतो,” ते कुजबुजले.

“कशापायी?”

“...जरा.”

“मोठ्यानं सांग की. बायांनी वाट सोडाया पायजे.”

सखाहरी मान खाली घालून बसले. मांड्या घट्ट आवळल्या. कपाळावर घाम आला. एवढ्या सभा गाजवणारा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना.

“तुझ्या घरी संडास कुठं हाय रं?” बाबांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“अंगनापल्याड.”

“आन् प्रवचनाला मंडळी कुठं बसत्यात?”

“अंगनात.”

“कवापसनं?”

“दुपारपसनं... दिवं लागंपतूर.”

सखाहरींना एकदम उमगलं. आई रोज दुपारभर आतल्या खोलीत बसून असायची. सखाहरींना वाटायचं, लेकाचं प्रवचन ऐकतेय. ती आवळून बसलेली असायची. एवढ्या माणसांमधून, ओलं लुगडं सावरत, त्यांच्या आईनं कसं जायचं होतं? त्यापेक्षा तिनं पाणीच तोडलं.

सखाहरी शाळेत जायला लागले तरी अंथरूण ओलं करायचे. आई उजाडायच्या आत गोधडी धुऊन परसात वाळत घालायची. शेजारणीनं विचारलंच, तर म्हणायची, “माठ लवंडला, बाई!” कितीदा त्या माठानं पोराची लाज राखली होती. आणि आज त्या माउलीची लाज राखायला घरात कुणी नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि रडूही आलं.

“ऊठ,” बाबा म्हणाले. “आधी जाऊन ये. मग तिला उचल आन् दवाखाना गाठ. आजच. म्हातारं मानूस असं एकाएकी बदललं, का आधी डाक्तर, मग देव.”

“अंगारा तरी द्या, बाबा.”

“डाक्तर दील त्योच लाव.”

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. लघवीत जंतू झाले होते, ते रक्तात उतरायच्या बेतात होते.

“वेळेवर आणलंत,” त्या म्हणाल्या. “या वयात ताप येईलच, जळजळ होईलच असं नसतं. कधी कधी आधी डोक्यातच गोंधळ होतो. यांना पाणी पाजा, आणि लघवी तुंबवू देऊ नका.”

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. दोन-तीन दिवसांनी ठकूबाईनं डोळे उघडले, लेकाकडे रोखून पाहिलं.

“सख्या, कुठं आनलंस रं मला?”

सखाहरी बुवा भर दवाखान्यात हुंदके देऊन रडले. आई परत आली होती!

प्रवचन देवळात हललं. आईच्या खोलीला लागूनच संडास झाला, भिंतीला धरायला कांब बसली. दर्शनाच्या बाया हळूहळू यायच्या थांबल्या. पुढे बऱ्याच दिवसांनी सखाहरी मठात आले, तेव्हा चेहरा ओढलेला होता.

“कशी हाय ठकूबाई?”

“ब्येस. औषध पुरं केलं, मधीच सोडलं न्हाई. पुन्यांदा माझ्या चुका काढाया लागलीया.”

“मग तोंड का असं?”

“बाबा... माझा जप मोडला.”

“कसा?”

“माळ हातात घ्यावी, डोळं मिटावं, का आतून हाक येती. ‘सख्या, चल रं.’ हात धरून दारापतूर न्यायचं, भाईर उभं ऱ्हायचं, परत आनायचं. पुन्यांदा बसावं, तर पुन्यांदा हाक. ‘सख्या... सख्या...’ हौसा म्हनती, मी नेते. पर तिला मीच लागतो. एक माळ पुरी व्हत न्हाई.”



“ती कुनाचं नाव घेती?”

“माझं.”

“मग तिचा जप चालूच हाय की. मोडला कुनाचा?”