चेरी टोमॅटोचा चोर

"हे काय? एकच?"

करवंदगडचे महाराज रणधवल ताटाकडे बोट दाखवून ओरडले. परातीएवढं चांदीचं ताट, आणि त्यात मधोमध एकुलता एक चेरी टोमॅटो, चुकून भलत्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा!

"बाकीचे कुठे गेले?"

"चोरीला, सरकार," गेनबा माळी चाचरत म्हणाला.

राजवाड्यामागच्या परसबागेत त्यानंच ती झाडं लावली होती. बांबूच्या काठ्या रोवून सुतळीनं बांधली, पानांच्या बगलेतली जादा फूट खुडली, कडेनं झेंडू लावला. द्राक्षांसारखे घोसच्या घोस लगडले! पण टोमॅटो लाल झाला रे झाला की गायब. हिरवे तेवढे जागच्या जागी.

"ते काही नाही!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "रविवारी आमचे मेहुणे जेवायला येणार. त्यांना ताट भरून टोमॅटो वाढतो म्हणून आम्ही शब्द दिलाय! त्याच दिवशी चोर दरबारात उभा कर. त्याची अर्धी मिशी भादरू! नाही सापडला, तर बागेत कोबी लावू आणि तुला पाठवू हत्तीखान्यात!"

गेनबाची बोबडीच वळली. वाघाला तो एक वेळ हाकलून लावेल, पण हत्तीचं नुसतं नाव निघालं तरी तो चार पावलं मागे सरायचा.

महाराजांनी मग जातीनं लक्ष घातलं. पहारा दुप्पट, स्वतःच्या फेऱ्या चौपट! पण नवल असं, की फेऱ्या वाढल्या तसे टोमॅटो घटले. टोमॅटो घटले की महाराज चिडून आणखी एक फेरी मारायचे.

गेनबाची लेक सगुणा हे सगळं बघत होती. बापाच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती, याचं तिला फार वाईट वाटे.

"बा, येवढे पहारेकरी, अन् कुनालाच चोर दिसंना?"

"दिसंल कसा, पोरी? चोपदारानं ललकारी दिली की मान खाली घालायची, म्हाराज म्होरं जाईस्तवर वर करायची न्हाई. गडाचा रिवाजच हाय. तेवढ्यात चोर डाव साधतो."

"अस्सं?" सगुणा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन टोमॅटोच्या वाफ्यातच जाऊन बसली.

ललकारी झाली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सगुणाचीही गेली. पण मान खाली घातली म्हणून डोळे काही मिटत नाहीत! दोन मोजड्या येताना तिला दिसल्या. लाल मखमलीच्या, मोत्यांच्या रांगा लावलेल्या, डावीच्या टोकाचा एक मोती गळालेला. मोजड्या वाफ्यापाशी थांबल्या. वर पानं सळसळली.

"पुच्च!"

देठाची हिरवी टोपी टपकन मोजडीवर पडली. मग "पुच्च! पुच्च!" आणि मोजड्या पुढच्या झाडाशी.

संध्याकाळी तिनं हे बापाला सांगितलं. गेनबानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप! राजाला चोर म्हनशील तर जीभ जागेवर ऱ्हायची न्हाई!"

"म्या कुठं राजाला म्हनते? जेवढं बघितलं तेवढंच सांगनार."

रविवार उजाडला. दरबार भरला. महाराजांशेजारी मेहुणे विराजमान झाले.

"चोर कुठाय?" महाराज गरजले.

"गावला, सरकार!" सगुणा पुढे झाली. "पर त्याचं तोंड न्हाई बघितलं. ललकारी झाली व्हती, मान खाली व्हती."

"मग ओळखलास कसा?"

"जोड्यांवरनं! लाल मखमलीच्या मोजड्या, मोत्यांच्या रांगा, अन् डावीच्या टोकाचा एक मोती गळालेला!"

दरबारात रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या माना खालीच होत्या. आणि खालमानेनं सिंहासनासमोर उभं राहिलं की दिसणार काय? महाराजांचे पाय! दिवाणजींना एकदम खोकला आला. सेनापती ओठ चावू लागले. महाराजांनी डावा पाय हळूच उजव्यामागे लपवला, तर मेहुणे वाकून बघू लागले!

महाराजांचा हात आपसूक मिशीवर गेला.

"म्हणजे... आम्ही चोर?"

"शिव शिव! असं कोन म्हनतं? सरकार बिचारे पहारा बघाया निघायचे. ह्या मोजड्याच त्यांना वढत वाफ्याकडं न्यायच्या!"

"अगदी बरोबर!" महाराज उसळून म्हणाले. "आणि आम्ही तर नुसती चव बघायचो! एकेकच!"

"एकेकच, पर दर झाडाचा! तरी सरकारचा शब्द म्हंजी शब्द. चोराची अर्धी मिशी गेलीच पायजे. आता मोजड्यांना कुठली मिशी? मोती हायती. त्यातले अर्धे काढा, की झाली शिक्षा!"

मग मेहुणे जे फुटले, ते मांड्या थोपटून हसायला लागले. महाराजही गदगदून हसले. तिथल्या तिथे डाव्या मोजडीचे सगळे मोती काढून सगुणाच्या ओंजळीत टाकले.

"पण आमच्या ताटाचं काय?" महाराजांना आठवलं.

तेवढ्यात गेनबा ताट घेऊन आला. शिगोशीग भरलेलं!

"हे रे कुठून आलं?"

"सरकार, काल तुम्ही पाहुन्यास्नी आनाया वेशीवर गेलता, आज सकाळधरनं हितं बसलाय," गेनबा म्हणाला. "दोन दिस मोजड्या बागंत आल्याच न्हाईत!"

महाराजांनी हसत एक टोमॅटो तोंडात टाकला.

"माग पोरी, आणखी काय हवं?"

"येवढंच, सरकार. परसबागेत ललकारी झाली तरी कुनी मान खाली घालायची न्हाई."

"अगं, म्हणजे आमच्यावरच पहारा?"

"छ्या! टोमॅटोवर! ते लागत्यात वर, सरकार. मान खाली घालून राखायचे कसे?"

"दिलं!" म्हणत महाराज तोंडातल्या टोमॅटोसकट खो खो हसले. पुच्च! लाल चिळकांडी थेट मेहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर उडाली, आणि या खेपेला ती अख्ख्या दरबारानं मान वर करून पाहिली.